जुन्या लेथचा पट्टा बदलायचाय, नंबर पुसलेला आहे. माप कशावरून घ्यायचं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या लेथला मोटरवरून काउंटरशाफ्टला (मधल्या शाफ्टला) व्ही-पट्टा आहे आणि तिथून स्पिंडलला (जॉब फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टला) तीन पायऱ्यांच्या पुलीवर चामड्याचा सपाट पट्टा. व्ही-पट्ट्यावरचा नंबर पार पुसलाय. वरची रुंदी व्हर्नियरने जेमतेम १२ मिमी भरते, कडा चकाकतायत. पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल जरा आत गेलं की काउंटरशाफ्ट थांबतो आणि मोटर फिरत राहते. एकजण म्हणाला, सरळ बी सेक्शनचा, म्हणजे जास्त रुंद मापाचा पट्टा टाक, घसरायचं थांबेल.

सपाट पट्टा पत्र्याच्या क्लिपांनी जोडलाय. सांधा पुलीवरून गेला की टक वाजतं आणि फिनिशिंग कटनंतर जॉबवर बारीक रेघा दिसतात. अखंड पट्टा घ्यायचा तर स्पिंडल काढावा लागेल. बेअरिंगचं सेटिंग छान जमलेलं आहे, त्याला हात लावायचा नाहीये. काय करावं?

उत्तर १

आधी तो जुना पट्टा बाजूला ठेवा. झिजलेल्या आणि ताणलेल्या पट्ट्यावरून माप घेतलं की नवा पट्टा हमखास चुकीचा येतो. माप पुलीवरून घ्यायचं.

ए सेक्शन वर १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड असतो, बी १७ आणि ११. तुमचा १२ म्हणजे झिजलेला ए, यात मला शंका नाही. ए च्या खाचेत बी बसतच नाही, वर तरंगतो. शिवाय बी ला लहान पुली निदान १२५ मिमी लागते, ए ला ७५. जाड पट्टा लहान पुलीवर जबरदस्तीने वाकवला की तापतो आणि आतून तडकतो.

आता खाच बघा. व्ही-पट्टा ओढतो तो दोन्ही बाजूंच्या भिंतींनी, तळाने नाही. टॉर्च मारून खाचेचा तळ बघा. तळ चकचकीत असेल तर पट्टा तळाला टेकून घसरत होता. मग खाचेच्या भिंतीला पोलादी पट्टीची सरळ कड लावा. मधे उजेड दिसला तर भिंत खोल खाल्लेली आहे. अशा पुलीत नवा पट्टाही लवकरच खाली बसणार, तेव्हा आधी पुली चढवून खाच साफ करून घ्या. ते काम लेथवरच होतं. मात्र लहान पुलीची खाच ३४ अंशांची ठेवा, ४० ची नको. पट्टा सरळ असताना ४० अंशांचा असतो, पण लहान पुलीवर वाकला की त्याची आतली बाजू फुगते आणि कोन कमी होतो.

दोन्ही पुलींचे बाहेरचे व्यास आणि दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर कळवा. मोटर तिच्या स्लॉटच्या आतल्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर ठेवून मोजा, म्हणजे पट्टा चढवायला आत जागा राहील आणि पुढे ताणायला बाहेर.

उत्तर २

व्ही-पट्ट्याच्या जागी कड्याकड्यांचा लिंक बेल्टही चालतो. काही उघडायला लागत नाही, दर चोवीस कड्यांमागे एक कमी करून ताणून जोडायचा. बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा. माझ्या मशीनची थरथर यानेच कमी झाली.

प्रश्नकर्ता

मोटरची पुली ७५, काउंटरशाफ्टची २५०, मध्यांतर ३८० मिमी. तळ चकचकीत आहे, पण भिंती सरळ आहेत.

उत्तर १

भिंती सरळ म्हणजे पुली वाचली. हिशेब असा: मध्यांतराची दुप्पट ७६०. व्यासांची बेरीज ३२५, गुणिले १.५७, म्हणजे ५१०. व्यासांतला फरक १७५, त्याचा वर्ग भागिले मध्यांतराची चौपट, म्हणजे २०. एकूण १२९० मिमी ही बाहेरची लांबी. ए पट्ट्याची आतली लांबी त्यापेक्षा ५० ने कमी, म्हणजे १२४०. इंचात जवळपास ४९, आणि पट्ट्यावरचा नंबर हीच आतली इंचातली लांबी असते. ए ४९ घ्या. तो मिळाला नाही तर ए ४८ चालेल. एक नंबर बदलला की मोटर साधारण १३ मिमी सरकते, तेवढा स्लॉट आहे का ते आधी बघा. आतून दातेरी असलेला एएक्स मिळाला तर फारच उत्तम, ७५ च्या पुलीवर तो सहज वाकतो. लिंक बेल्ट वाईट नाही, पण तुमच्या काउंटरशाफ्टवरून अखंड पट्टा सहज चढत असेल तर मी अखंडच घालेन.

आता त्या रेघा. सपाट पट्ट्याची लांबी समजा १५०० मिमी आणि स्पिंडलची पायरी १२० मिमी व्यासाची. तिचा घेर ३७७, म्हणजे स्पिंडलच्या दर चार फेऱ्यांना सांधा एकदा येतो. फीड (स्पिंडलच्या एका फेरीत टूल सरकतं ते अंतर) ०.१ मिमी असेल तर रेघा ०.४ मिमी अंतराने पडतील. तुमच्या मापांनी हिशेब करा आणि भिंग लावून जॉबवर मोजा. जुळलं तर दोषी क्लिपाच. स्पिंडल काढायची गरज नाही. चामड्याची दोन्ही टोकं निदान ७५ मिमी लांबीत तिरकी तासून पातळ करा, पट्टा पुलींभोवती घालून जागेवरच चिकटवा आणि दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शिकंजात धरून पूर्ण सुकू द्या. सांध्याची जाडी बाकी पट्ट्याएवढीच भरली पाहिजे. चामड्याची गुळगुळीत बाजू पुलीकडे.

हेडस्टॉकमधून तेल पाझरत असेल तर ते आधी बंद करा, तेल प्यायलेलं चामडं पुली धरत नाही. घसरतोय म्हणून राळ फासू नका, ती चिकटते आणि पट्टा हिसके देत चालतो.

व्ही-पट्टा चढवताना मोटर आत सरकवा, स्क्रू ड्रायव्हरने काठावरून ओढू नका, आतल्या दोऱ्या तुटतात. ताण असा की मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा ६ मिमीच्या आसपास दबावा. थोडा वेळ चालवून मेन स्विच बंद करून परत तपासा, नवा पट्टा सुरुवातीला सैल पडतोच.