टू-टू-थ्रीने हरीण मारणं म्हणे पोरखेळ!

हिलकंट्रीकर (टेक्सास)
'अमेरिकेतली शिकार' धाग्यावर थर्टीऑट यांनी फर्मान काढलंय: "टू-टू-थ्री (.२२३, बारीक गोळीची रायफल) कायोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) आणि कागदी निशाणासाठी. तिने हरणावर बार काढणं हा पोरखेळ आहे. जनावर जखमी होऊन झाडीत कुठंतरी मरतं." तिथंच उत्तर देणार होतो, पण तो धागा मटणाच्या वाटणावर गेलाय. म्हणून वेगळा काढला.

साहेब, जनावर जखमी होतं ते चुकीच्या गोळीने. लोक सगळ्यात स्वस्त खोका उचलतात, ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूच्या कवचातली गोळी. ती फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. नाहीतर प्रेअरी डॉगसाठी (खारीच्या जातीचा छोटा प्राणी) आणलेली, लगेच फुटणारी व्ही-मॅक्स गोळी हरणावर झाडतात. ती फऱ्याच्या हाडावरच फुटते. वर ताटलीएवढी जखम, आत फुप्फुसाला धक्काही नाही. मग खापर कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या व्यासावर! ६० ग्रेन नॉस्लर पार्टिशन किंवा ६२ ग्रेन फ्यूजन (फुलणाऱ्या, पण खोल जाणाऱ्या गोळ्या) घाला, दीडशे यार्डांच्या आत रहा, फऱ्यामागे मारा. माझी बारा वर्षांची मुलगी हेच करते. दणका नाही, म्हणून ती डोळे मिटत नाही. थर्टी-ऑट-सिक्सवाले (.३०-०६, जाड गोळीची दणकेबाज रायफल) बाप्ये चाप ओढताना कसे दचकतात ते रेंजवर रोज बघतो.

थर्टीऑट (विस्कॉन्सिन)
मका टाकणाऱ्या फीडरखाली मान घालून उभी असलेली तुमची टेक्सासच्या हिल कंट्रीतली मादी! आमच्या गल्लीतल्या बोकडाला तिच्यापेक्षा जास्त मटण निघायचं. इकडे नोव्हेंबरात या. नर दुप्पट वजनाचा, तिरका उभा, मध्ये फांद्या, आणि तुमची बोटं गारठलेली. तेव्हा तुमचं 'फऱ्यामागे मारा' ऐकायला जनावर थांबत नाही.

५५ ग्रेनची ऊर्जा नळीच्या तोंडाशी १२८० फूट-पाउंडच्या आसपास. दोनशे यार्डांवर निम्मी. शंभर ग्रेनची .२४३ (टू-टू-थ्रीहून थोडी जाड) घ्या, सुरुवातच १९०० च्या वर. शेजाऱ्याच्या पोराने टू-टू-थ्री मारली, गोळी आतच राहिली, दुसऱ्या बाजूला भोक नाही, म्हणून बर्फावर रक्ताचा थेंब नाही. रात्रभर आम्ही टॉर्च घेऊन दलदल तुडवली. सकाळी सापडलं तेव्हा कायोटींनी मागचा भाग संपवला होता. पोरगं रडत होतं. त्याला सांगा तुमचं पार्टिशन.

रिचमंडची_ताई (व्हर्जिनिया)
भांडता कशाला? आमच्याकडे हरणासाठी किमान .२३ इंच व्यासाची गोळी लागते. टू-टू-थ्रीची गोळी .२२४, म्हणजे बेकायदा. कोलोरॅडो, वॉशिंग्टनमध्ये तर किमान .२४. कायदे करणारे काय झोपेत होते?

हिलकंट्रीकर
ताई, कायदा व्यास मोजतो, गोळी कशी बांधलीय ते नाही. .२४३ मध्ये ५८ ग्रेनची व्ही-मॅक्स मिळते. तुमच्या मोजपट्टीत ती पास, माझं पार्टिशन नापास. आणि थर्टीऑट साहेबांच्या विस्कॉन्सिनात हरणाला .२२ सेंटरफायर, म्हणजे टू-टू-थ्रीही, चालते बरं का. आधी तिथल्या खात्याला पोरखेळ म्हणा.

शेजारच्या पोराच्या खोक्यावर काय लिहिलं होतं, ते सांगायचं राहिलं तुमचं.

फ्रेमाँटचे_अण्णा (कॅलिफोर्निया)
गोळीचं नाव सगळे सांगतायत, नळीचा ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) कुणीच विचारत नाही. आमच्याकडे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंद, म्हणजे तांब्याची गोळी. तांबं हलकं, त्याच वजनाला गोळी लांब होते. जुन्या १:१२ (बारा इंचांत एक पीळ) नळीतून ६२ ग्रेनची तांब्याची मारा, गोळी गटांगळ्या खाईल, कागदावर आडवं भोक दिसेल. १:८ हवी. आणि वेग उतरला की तांबं फुलत नाही, त्यामुळे लांबून मारायचा मोह नको.

पण खरा प्रश्न तुम्ही सगळे टाळताय. ते मटण खाता ना? नॉर्थ डकोटात २००८ साली गरिबांना वाटायला दिलेला हरणाचा खिमा शिशाच्या कणांपायी टाकून द्यायला सांगितला होता.

कोकणी_बार (संगमेश्वर)
झालं, शिसं आलं! आमचे आजोबा ठासणीची बंदूक भरून रानात जायचे. सशाच्या रश्श्यात छर्रे लागायचे, ते ताटाच्या कडेला थुंकायचे. नव्वदी ओलांडली त्यांनी.

रिचमंडची_ताई
दादा, थुंकता येतो तो अख्खा छर्रा. रायफलची गोळी वेगाने फुटते, तिचा भुगा थुंकणार कसा? मैत्रीण दंतवैद्य आहे. फ्रीजरमधली खिम्याची पाकिटं तिच्या एक्स-रेखाली ठेवली. एकात ठिपकेच ठिपके, आणि ते जखमेच्या जवळचंही नव्हतं, खाटकाने सगळं एकत्र दळलेलं. घरात चार वर्षांचं पोर आहे. सगळी पाकिटं फेकली, नवरा आठवडाभर बोलत नव्हता.

थर्टीऑट
अण्णा, तांब्याच्या वीस गोळ्यांच्या खोक्याचे पैसे तुम्ही पाठवा. शिशाने मरणारे तुमचे कंडोर (गिधाडं) तुम्ही सांभाळा, आमच्याकडे नाहीत.

फ्रेमाँटचे_अण्णा
बाल्ड ईगल आहेत ना? तुम्ही जागेवर सोडलेली आतडी कोण खातं? शिशाची विषबाधा झालेले गरुड तुमच्याच भागात सापडतात. मोठ्या कॅलिबरचा अभिमान आहे ना, मग मोठी शिशाची गोळी भुगाही जास्तच सोडते, हेही मिरवा.

थर्टीऑट
मी प्रश्न कॅलिबरचा काढला होता. पक्ष्यांवरचं प्रवचन ऐकायला आलो नाही. टेस्लातून शिकारीला जाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

फ्रेमाँटचे_अण्णा
टोयोटा आहे. २००९ ची.

कोकणी_बार
तुमचं चालू द्या. इथं १९७२ च्या कायद्यापासून चितळाकडे बोट दाखवलं तरी वनखातं दारात. आणि हिलकंट्रीकर, तुम्ही म्हणे चितळ बारमाही मारता?

हिलकंट्रीकर
हो. १९३२ मध्ये आणून सोडले, आता हिल कंट्रीभर पसरलेत. परके म्हणून बंद मोसम नाही. लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. मटण व्हाइटटेलपेक्षा (इथलं मूळचं हरीण) सरस. नर मात्र चिवट असतो, त्याच्यासाठी मी .३०८ (थर्टी-ऑट-सिक्सएवढीच जाड गोळी) नेतो.

थर्टीऑट
काय नेता? पुन्हा एकदा सांगा.

हिलकंट्रीकर
नर चितळासाठी म्हटलं. व्हाइटटेलचा विषय वेगळा आहे.

थर्टीऑट
बरं, वेगळा. बारा वर्षांची मुलगी, फीडर, ८० यार्ड, ६० ग्रेन पार्टिशन: चालेल, लिहून देतो. बापाने मात्र .३०८ च न्यावी, तुमच्याच तोंडून निघालंय. आणि त्या पोराचा खोका चुकीच्या गोळ्यांचाच होता. झालं समाधान?

फ्रेमाँटचे_अण्णा
त्या पार्टिशनच्या पोटातही शिसंच आहे. कुणी बोलणार आहे का त्यावर?