मदत हवी आहे: ऑर्डर देऊन बनवलेली गिटार विकायला काढलीय, निम्मेही कोणी द्यायला तयार नाही

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो. माझ्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार आहे, सहा वर्षांपूर्वी थेट बनवणाऱ्या कंपनीला ऑर्डर देऊन करून घेतलेली. दुकानात मिळतच नाही, लाकूड, रंग, फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) सगळं आपण निवडायचं, पैसे भरायचे आणि मग महिनोन्महिने वाट बघत बसायचं असला प्रकार. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की प्रश्न राहतो बाजूला आणि धागा 'तो ब्रँड बरा की हा' वर घसरतो, मागे ॲम्पच्या धाग्यावर अनुभव घेऊन झालाय.

गिटार चांगली आहे हो, आपली म्हणून नाही सांगत. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट आहेत, सहा वर्षं जवळजवळ रोज वाजवूनही एकावरसुद्धा तारेची खाच पडलेली नाही, पाच पट्ट्या चिकटवून बनवलेला नेक, म्हणजे मान, तो इतका स्थिर की ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) हात लावल्याचं मला आठवत नाही. हिरव्यातून जांभळ्यात जाणारा रंग, खाली मेपलच्या लाटा दिसतात. तेव्हा वाटलं होतं आयुष्यभराची सोय झाली.

आता पैशाची थोडी निकड आहे म्हणून विकायला काढली. दोन महिने जाहिरात पडून आहे. शंभराची वस्तू धरली तर पंचेचाळीस, चाळीस असे आकडे येतायत. आणि त्याच महिन्यात मित्राने त्याची साधी काळी स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) काढली, व्हॉल्यूमचा पॉट फिरवला की खरखर करते, पिकगार्डवर ओरखडे, ती चार दिवसांत गेली आणि त्याने जेवढ्याला सेकंडहँड घेतली होती तेवढेच्या तेवढे पैसे परत आले. म्हणजे तीन वर्षं फुकट वाजवली म्हणायची!

परवा एकजण बघायला आला. पोरगा चांगला वाजवतो. अर्धा तास वाजवली, वरच्या फ्रेटवर बेंड काढून नोट कुठे मरते का ते ऐकलं, नेक बंदुकीसारखी डोळ्याला लावून बघितली, सगळं पसंत. मग बाराव्या फ्रेटपाशी त्याचा अंगठा थांबला. तिथे लाकडात बसवलेल्या शिंपल्याच्या नक्षीत, म्हणजे इनलेत, माझी आद्याक्षरं आहेत. (हो, घालून घेतली होती, वरचे पैसे देऊन. हसा.) "ही कुणाची?" म्हणाला. म्हटलं माझी. दोन सेकंद गप्प, मग "काढता येतात का?" मला काय बोलावं सुचेना. निघताना म्हणाला, दादा गिटार एक नंबर आहे, पण उद्या मला विकायची झाली तर मी लोकांना काय सांगू ही अक्षरं कुणाची. आणि चाळीसचे पस्तीस केले.

तर जाणकारांनी सांगा. हे असंच असतं का, की मी जाहिरात चुकीची टाकलीय? मी मधे पिकअप बदलले होते, मूळचे डब्यात आहेत, ते परत घालू का? ती अक्षरं खरंच काढता येतात का? आणि थांबलो तर जुन्या गिटारींसारखा हिचाही भाव कधी वर जाईल का, का उगाच आशा?

तारतुटका

असंच असतं. आधी अक्षरांचं दुःख बाजूला ठेवा, ती नसती तरी फार तर पन्नास-पंचावन्न आले असते. अडचण अशी की तुम्ही मोजलेल्या शंभरातले कितीतरी तुमच्या आवडीचे होते. तो रंग, ते लाकूड, ती नेकची जाडी, प्रत्येक गोष्टीला वेगळे पैसे लागले आणि त्यातली एकेक गोष्ट गिऱ्हाईक कमी करत गेली. कुणाला हिरवा नको, कुणाला जांभळा नको, कुणाला दोन्ही चालतात पण चोवीस फ्रेट नकोत. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला शर्ट, कापड कितीही भारी असो.

दुसरं म्हणजे दुकानात ठेवलीच जात नाही म्हटल्यावर कुणी हातात घेऊन बघितलेली नसते. काळी स्ट्रॅट घेणाऱ्याला न वाजवताही माहीत असतं काय मिळणार आणि पुढे कितीला जाईल. तो गिटारसोबत ती खात्री विकत घेतो.

दर्जाचा यात संबंध किती कमी आहे बघा. स्ट्रॅट काढणाऱ्या लिओ फेंडरने स्वतःची कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीला विकली. पुढे १९८० मध्ये जॉर्ज फुलरटन आणि डेल हयात यांच्यासोबत जी अँड एल ही नवी गिटार कंपनी काढली आणि १९९१ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच पिकअप आणि ब्रिजवर काम करत होता. माणूस तोच, डोकं तेच, उलट नव्या सुधारणा केलेल्या. तरी सेकंडहँड बाजारात जी अँड एल ला त्याच तोडीच्या फेंडरपेक्षा कमी पैसे मिळतात, कारण हेडस्टॉकवरचं (खुंट्यांच्या टोकावरचं) नाव दुसरं. आता बोला.

सोल्डरधूर

दुरुस्तीचं काम करतो म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

मूळचे पिकअप परत घाला, आजच. बदललेले पिकअप तुम्हाला कितीही भारी वाटले तरी गिटारसोबत त्यांचे पैसे मिळत नाहीत, गिऱ्हाईक उलट विचारतं 'मूळचे कुठे गेले, आत आणखी काय काय केलंय'. वेगळे काढून विकले तर लगेच जातात, कारण नावाजलेला पिकअप कुणाच्याही गिटारीत बसतो. फक्त वायर कापू नका, सोल्डर वितळवून सोडवा, लांबी जपा. चार वायरींचे असतील तर खोलायच्या आधी फोटो काढून ठेवा, माझ्याकडे दर महिन्याला एक तरी 'रंग कुठला कुठे होता विसरलो' वाला येतो.

अक्षरं काढायच्या फंदात अजिबात पडू नका. इनले बसवायला लाकूड खोदलेलं असतं, शिंपला निघाला की खड्डा राहतो, तो लाकडाचा भुसा आणि गोंद घालून भरला तरी डाग दिसतोच. आज ती 'आधीच्या मालकाची अक्षरं' आहेत, उद्या 'काहीतरी लपवलंय' होईल. दुसरं वाईट.

गिटारीत लपवाछपवीचा वास आला की भाव कसा पडतो ते गिब्सनच्या लेस पॉलवाल्यांना विचारा. हेडस्टॉक मागे १७ अंशांत वाकलेला, महोगनीचा एकसंध नेक, त्यातच नटच्या (तारा हेडस्टॉककडे जाताना टेकतात ती पट्टी) मागे ट्रस रॉडसाठी पोकळी, त्यामुळे स्टँडवरून पडली की नेमकी तिथे तडकते. नीट चिकटवली तर जोड मूळ लाकडापेक्षा पक्का होतो, मी स्वतः कितीतरी केल्यात, एकही परत आली नाही. पण विकताना? निम्मी किंमत. वाजते तशीच, ट्यूनिंग धरते तशीच.

जुनंतेसोनं

थांबलो तर भाव वाढेल का, यावर.

सगळे एकच गोष्ट ऐकून आशेला लागतात. गिब्सनने १९५८ मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर काढल्या, लोकांनी ढुंकून बघितलं नाही, फार थोड्या बनल्या आणि बंद झाल्या. १९५८ ते ६० च्या सनबर्स्ट लेस पॉलचंही तेच, खप इतका मंद की १९६१ ला तो आकारच सोडून आज आपण जिला एसजी म्हणतो ती आणली. आज या तिन्ही जगातल्या सगळ्यात महाग गिटारींमध्ये आहेत. खरं आहे सगळं. पण ती बर्स्ट साठच्या दशकात मोठमोठ्या वादकांच्या हातात गेली, रेकॉर्डवर ऐकू आली, तेव्हा लोक मागे लागले. तुमची हिरवी-जांभळी तुमच्या खोलीतच ऐकू येतेय. (हलकं घ्या.)

उलटी बाजू कुणी सांगत नाही. २००७ मध्ये गिब्सनने स्वतःच ट्यून होणारी रोबोट गिटार आणली, पुढे २०१५ ला तर बहुतेक मॉडेलवर बॅटरीवर चालणाऱ्या आपोआप फिरणाऱ्या खुंट्या लावल्या, नेक रुंद केला, वर पितळेचा नट. लाकूडकाम वाईट नव्हतं. तरी लोकांनी नाकं मुरडली, दुकानात भाव पाडावे लागले, आणि त्या वर्षाची गिटार आजही 'दोन हजार पंधरा का? मग जरा कमी करा' असं ऐकते. गिब्सनच्याच, आत भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या फायरबर्ड एक्सच्या शेकडो गिटारी तर यंत्राखाली चिरडतानाचा व्हिडिओ २०१९ मध्ये सगळ्यांनी बघितला.

यातून एक मात्र घ्या, गिटारीत जितकं इलेक्ट्रॉनिक्स जास्त तितका घसारा जास्त. लाकूड जुनं होतं, सर्किट कालबाह्य होतं. पार्कर फ्लाय घ्या, १९९३ ची, लाकडावर कार्बन आणि काचेच्या धाग्यांचं पातळ कवच, हातात घेतली तर वाटतं आत काही नाहीच. अप्रतिम चीज. पण आतली चपटी रिबन केबल गेली की सुटा भाग कुठून आणायचा हा प्रश्न, आणि घेणारा तोच हिशोब मनात धरून बोली लावतो.

बेसुरी_बया

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, माझ्याकडच्या चारही गिटारी अशाच 'निम्म्यात' घेतलेल्या आहेत आणि एकाही गिटारीवर मला वाईट वाटलेलं नाही. पहिल्या मालकाने घसारा भरायचा आणि मी वाजवायचं. यामाहाच्या जुन्या एसजी २००० सारख्या गिटारी, किंवा जपानात बनलेल्या, वजनदार, जीव ओतून केलेल्या कितीतरी, नाव कमी पडतं म्हणून वर्षानुवर्षं स्वस्तात मिळायच्या, आता आता कुठे लोक जागे झालेत. एका गिटारीच्या मागे कुणा अनोळखी माणसाचं नाव कोरलंय. मला आवडतं ते. कोण असेल, काय वाजवत असेल. तेव्हा माझ्यासारखं गिऱ्हाईक असतं, पण मीही पस्तीसच देईन, खोटं कशाला बोला :)

तारतुटका

@बेसुरी_बया +१, आणि म्हणूनच नवीन ऑर्डर देणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं की ही कधी विकणार नाही ना.

पोपट_पिक

परदेशात विका ना, तिकडे अशा गिटारींची कदर आहे म्हणतात. रोझवूडचं काहीतरी लफडं असतं ना पण?

सोल्डरधूर

लफडं होतं, बरंचसं मिटलं. जानेवारी २०१७ मध्ये साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत सगळ्या जातींचं रोझवूड आलं आणि फ्रेटबोर्डवर पट्टीभर रोझवूड असलेली गिटार सीमेपार पाठवायलाही कागद लागायला लागले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे, त्याला ही सूट नाही. पण धागाकर्त्यांनी वाहतूक, विमा, कर आणि पेटीचं वजन धरलं तर पस्तीसचे तीसच हातात पडतील, त्यापेक्षा नको.

गप्पगिटार

एक साधा प्रश्न. घरात दुसरी गिटार आहे का?

धागाकर्ता

@गप्पगिटार आहे, एक स्ट्रॅट, मित्राच्याच वेळी घेतलेली, सेकंडहँड. का?

गप्पगिटार

मग ती विका. जी विकल्यावर पैसे परत येतात तीच विकायची असते. हिचा घसारा होऊन गेलाय, ती तुमच्याकडे राहिली काय आणि गेली काय, गेलेले पासष्ट काही परत येत नाहीत. पण आज पस्तीसला दिली आणि दोन वर्षांनी परत तशी हवीशी वाटली तर पुन्हा शंभर. स्ट्रॅटचं तसं नाही, आज विका, हवी तेव्हा तशीच दुसरी त्याच भावात मिळेल.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर हात आधी स्ट्रॅटकडेच जातो. ती भिंतीला टांगलेली असते, हिरवी केसमध्ये. महाग आहे ना, म्हणून केसमध्ये.

बेसुरी_बया

मग आधी आठवडाभर अदलाबदल करून बघा. हिरवी भिंतीवर, स्ट्रॅट केसमध्ये. भाव तर पडलाच आहे, आता कशाला जपताय.

धागाकर्ता

दहा दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार.

अदलाबदल केली. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी स्ट्रॅटची आठवण राहिली नाही, असं नाही म्हणणार, राहिली, पण हिरवीवर वरच्या फ्रेटचं ते जे सहज होतं ते स्ट्रॅटवर माझ्याच्याने कधी झालं नव्हतं. जाहिरात काढून टाकली. मूळचे पिकअप परत घातले (फोटो काढून, वायर न कापता). गंमत म्हणजे काढलेले पिकअप घ्यायला तोच पोरगा आला आणि घासाघीस न करता नव्याच्या पाऊण किमतीला घेऊन गेला. जाताना भिंतीवर बघून म्हणाला, नाही विकली ना? बरं केलंत. पस्तीसचं त्याने नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

स्ट्रॅटचे फोटो काल रात्री टाकले. अर्ध्या तासात चार मेसेज, चारही 'फायनल किती'. एक शंका राहिलीय, तिच्या मागच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या सहापैकी दोन स्क्रू मी कधीतरी हरवलेत. जाहिरातीत तसं लिहू, का गुपचूप आणून लावू?

सोल्डरधूर

आणून लावा, आणि लावलेत असं लिहाही.