करडी गोळी आणि हिरवी चकती: नक्की काय सापडलंय?

मातीखालचा: नांगरलेल्या शेतात, मालकाला विचारून, मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) फिरवत होतो. वीतभर खोलीवर दोन वस्तू जवळजवळ मिळाल्या. एक पांढुरकी-करडी गोळी, व्यास १७.५ मिमी, वजन ३२ ग्रॅम, लोहचुंबकाला चिकटत नाही. दुसरी हिरवी पडलेली चकती, साधारण २५ मिमी, एका बाजूला मधोमध उंचवटा. नाणं असेल का? व्हिनेगरमध्ये टाकून साफ करू का?

शिसेवाला: व्हिनेगर अजिबात नको, लिंबूही नको. आम्ल त्या हिरव्या पुटाबरोबर खालची अक्षरंही खाऊन टाकतं, आणि गेलेलं अक्षर परत येत नाही. चकती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, माती मऊ झाली की लाकडी काडीने हलकेच सोडवा.

गोळीचं उत्तर तुमच्या मापांतच आहे. १७.५ मिमी व्यासाच्या गोळ्याचं घनफळ येतं साधारण २.८ घन सेंमी. ३२ भागिले २.८ म्हणजे ११.४. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९. याच मापाची लोखंडी गोळी २२ ग्रॅमच्या आसपास भरली असती. तेव्हा हे शिसंच, आणि ते पांढुरकं पुट म्हणजे जमिनीत शिशावर चढणारं कार्बोनेट. ते खरवडू नका, हाताळल्यावर हात धुवा. आता गोळी बोटांत सावकाश फिरवून बघा. साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथे बारीक रेघ राहते, आणि ओतलेलं शिसं जिथे कापलं तिथे छोटा सपाट डाग. दोन्ही दिसलं तर ठासणीच्या बंदुकीची गोळी हा माझा पहिला अंदाज. ब्रिटिशांच्या ब्राउन बेस नावाच्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून पाऊण इंची, म्हणजे १९ मिमी असायची आणि गोळी मुद्दाम त्याहून लहान, ०.६९ इंचाच्या आसपास, म्हणजे भरभर ठासता यावी. तुमचं माप तिथेच बसतं. मात्र आरपार भोक असेल तर मासेमारीच्या जाळ्याचं वजन समजा.

चकतीवरचा उंचवटा मला कडीचं, म्हणजे दोरा ओवून कापडाला शिवायच्या गोल कडीचं, बूड वाटतो. मग ते नाणं नसून कोटाचं बटण.

हिरवंपुट: चकतीवर फिकट हिरवी भुकटी पुन्हापुन्हा येते का, ते पाहत राहा. येत असेल तर क्लोराइड आणि दमटपणामुळे तांबं आतून पोखरलं जातंय. ओलावा शोषणारं सिलिका जेल घालून हवाबंद डबीत ठेवा. गुळगुळीत गडद हिरवं पुट असेल तर त्याला हात लावू नका, तेच तिचं संरक्षण आहे.

मातीखालचा: गोळीवर रेघ आहे, सपाट डागही आहे! चकती अजून भिजतेय. दोन्ही एकाच काळातल्या धराव्यात का?

शिसेवाला: जवळ सापडल्या एवढ्यावरून नको. नांगरटीत वरची माती सारखी उलथीपालथी होते, तिथे वीतभर खोलीवरून वय ठरत नाही. चकती सुकली की खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी आडवा धरून प्रकाश तिच्यावरून घसरू द्या. समोरून न दिसणारी अक्षरं सावलीने उठतात. कडीभोवती गोलाकार अक्षरं निघाली तर ती बनवणाऱ्याची किंवा मुलाम्याच्या दर्जाची खूण, आणि काळ त्यावरूनच सापडेल. दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून टाका. जागेची नोंद आजच करा, आणि तिथल्या कायद्यानुसार कळवणं सक्तीचं असेल तर पुढच्या साफसफाईआधी कळवा.