वीज गेली की कोहाचा पत्ता बदलतो, अभ्यासिकेत फोनना पत्ताच मिळत नाही

ग्रंथपाल_तालुका

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांची देवघेव कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालते, आणि कोहा एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन या लिनक्समध्ये बसवलेलं आहे. शिवाय काउंटरचे दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, आणि वरच्या मजल्यावर ६० आसनांची अभ्यासिका. एमपीएससी आणि तलाठी भरतीची मुलं तिथे पाळ्यांनी बसतात. वाय-फाय सगळ्यांना खुलं आहे.

इंटरनेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा हाच आमचा राउटर. वीज जाऊन आली की कधीकधी कोहाच्या संगणकाचा जाळ्यातला (आयपी) पत्ता १९२.१६८.१.१०७ चा १९२.१६८.१.११२ होतो, मग काउंटरवरून कोहा उघडत नाही आणि प्रिंटरही ऑफलाइन दिसतो. समोर वाचकांची रांग, म्हणून मी वहीत नोंद करून पुस्तकं देते. दुसरा त्रास म्हणजे संध्याकाळच्या पाळीतल्या मुलांच्या फोनवर सिग्नल पूर्ण असतो, पण पत्ता मिळत नाही. डब्यात पत्ते वाटायला १०० ते १९९ अशी रेंज आहे आणि लीज, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत, २४ तासांची. ६० मुलांना १०० पत्ते पुरायला हवेत ना?

मला आकडे पाठ करायचे नाहीत. ब्राउझरमध्ये नाव टाकलं की कोहा उघडावं, एवढंच हवंय. एका राउटरचा खर्च कार्यकारिणी मंजूर करेल, त्याहून जास्त नाही.

तारजोडणी

ताई, आधी मुलांचं बघू, कारण तिथलं गणित लपलेलं आहे. ६० आसनं म्हणजे ६० पत्ते नव्हेत. सकाळच्या पाळीतला मुलगा ११ वाजता घरी गेला तरी त्याच्या फोनने घेतलेला पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अडकून राहतो. फोन वाय-फायच्या टप्प्यातून निघून जाताना पत्ता परत देत नाहीत. दुपारची पाळी, कोणाचे लॅपटॉप, खाली पुस्तक बदलायला आलेले वाचक, असं करत संध्याकाळपर्यंत शंभर संपतात. लीज २ तासांची करा. त्याने कोणाचं डाउनलोड मध्येच तुटणार नाही, कारण निम्मी मुदत संपली की फोन आपणहून मुदतवाढ मागतो. जो निघून गेला तो मागत नाही, त्याचा पत्ता मोकळा होतो.

आता कोहा. स्वस्त डबे लीजची यादी बऱ्याचदा तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते, वीज आली की सगळी यंत्रं एकदम पत्ता मागायला लागतात आणि तुमचा १०७ कोणाच्या तरी फोनला जातो. उपाय म्हणजे रिझर्व्हेशन: कोहा, प्रिंटर आणि डीव्हीआर यांचे मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नोंदवून प्रत्येकाला एकच पत्ता बांधून द्यायचा. फोनांसाठी हे करत बसू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सहसा खरा मॅक पत्ता दाखवत नाहीत, बनावट दाखवतात.

लिनक्स_सांगली

नावांसाठी वेगळा राउटर कशाला? कोहाच्याच डेबियनवर डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम टाका. पत्ते आणि नावं दोन्ही तोच देईल, खर्च शून्य. फक्त फायबरच्या डब्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करायला विसरू नका. दोघं एकाच वेळी पत्ते वाटायला लागले की कोणाला काय मिळेल याचा नेम नाही.

तारजोडणी

डीएनएसमास्क चांगलंच आहे, पण कोहाच्या यंत्रावर मी ते टाकणार नाही. रात्री तो डेस्कटॉप बंद केला, किंवा त्याची हार्ड डिस्क गेली, तर अभ्यासिकेचं इंटरनेटही बंद. परीक्षेच्या तोंडावर मुलांना ते परवडत नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालेल असा राउटर घ्या. त्यात डीएनएसमास्क आधीपासून असतं, आणि पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय करता येतं. ते करायलाच हवं. मुलांच्या फोनवरून डीव्हीआर आणि कोहाचं कर्मचाऱ्यांचं पान दिसता कामा नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आणि तुमच्या डब्याचं जाळंही १९२.१६८.१ चंच आहे. नव्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला डबा जोडण्याआधी राउटरचं जाळं १९२.१६८.२ करून घ्या. मग डब्याचं डीएचसीपी चालू राहिलं तरी बिघडत नाही, कारण त्याच्याकडे पत्ता मागणारा एकटा राउटरच असेल. सगळी यंत्रं मात्र राउटरमागे हवीत आणि डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद हवं.

रिझर्व्हेशन करतानाच नावाचा रकाना असतो. तिथे कोहा लिहिलं की काउंटरवरून कोहा.लॅन उघडेल. शेवटी .लोकल लावू नका, ते एमडीएनएससाठी, म्हणजे यंत्रं सर्व्हरशिवाय एकमेकांची नावं शोधतात त्यासाठी, राखलेलं आहे. सगळं नियमात बसवायचं असेल तर घरगुती जाळ्यातल्या नावांसाठी राखलेलं होम.आर्पा घ्या, पण रोज टाइप करायला लॅन सोपं.

ग्रंथपाल_तालुका

राउटर आला, जाळं बदललं, तिन्ही रिझर्व्हेशनं झाली. प्रिंटरचा पत्ता आता बदलत नाही. एका काउंटरवरून कोहा.लॅन उघडतं, पण दुसऱ्यावरून कधी उघडतं, कधी नाही. आणि माझ्या फोनवर तर अजिबात नाही.

तारजोडणी

दुसऱ्या काउंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कोणीतरी हाताने डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) भरलेला असणार: पहिला राउटरचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८. दुसरा फक्त अडीअडचणीला वापरला जाईल असा समज असतो, तसं होत नाही. संगणक कधी त्याच्याकडेही विचारतो, आणि बाहेरच्याला तुमचं कोहा ठाऊक नसतं. दोन्ही पुसा आणि आपोआप मिळेल तोच राहू द्या. फोन आधी कर्मचाऱ्यांच्या वाय-फायवर आहे का ते पाहा, मग फोनच्या सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस. तिथे कोणी सर्व्हर भरलेला असेल तर नाव राउटरपर्यंत पोचतच नाही. तेवढं बंद करा.

आणि कोहाच्या सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये ओपॅकचा (वाचकांच्या शोधपानाचा) आणि कर्मचारी पानाचा मूळ पत्ता लिहिलेला असतो. तिथे अजून १०७ असेल तर नवं नाव भरा, नाहीतर आतल्या काही लिंक जुन्या जागी जातील. कर्मचारी पान वेगळ्या पोर्टवर असेल, तर नावापुढे पोर्टचा आकडाही हवा.

ग्रंथपाल_तालुका

डीएनएसचं अगदी तसंच निघालं, दोन्ही काउंटर सुरू झाले. फोनचंही झालं. प्रेफरन्सेसमध्ये १०७ होता, तो बदलला. आता राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घेतेय. दोघांना १२ व्होल्टचेच अडॅप्टर आहेत.