मोर्चा दिसला तर थांबून बघावं का?

भायखळेकर
११ मार्च २०१८ची रात्र. सकाळी लेकीचा दहावीचा पेपर, म्हणून घरात लवकर निजानीज झालेली. मध्यरात्र उलटून गेल्यावर खालून, आंबेडकर रोडवरून, पावलांचा आवाज यायला लागला. घोषणा नाहीत, नुसती पावलं. किसान सभेचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेचा मोर्चा, ६ तारखेला नाशिकहून निघालेला. परीक्षेच्या मुलांची अडचण नको म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाला होता.

मी उतरलो ते निव्वळ कुतूहलानं. एक मावशी दुभाजकाला टेकल्या होत्या. चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. टाचेची कातडी सुटून लोंबत होती. पाणी दिलं आणि विचारलं, मागणी काय? म्हणाल्या, "सासऱ्याच्या वेळेपासून चार एकर कसतोय. कागद आला वीस गुंठ्यांचा." वनजमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ पासून आहे, हेही मला माहीत नव्हतं.

बघ्यानं जरूर थांबावं, पण विचारल्याशिवाय घरी जाऊ नये. त्या रात्री पायांचे फोटो पुष्कळ निघाले. जमिनीचं विचारणारे मला फार दिसले नाहीत.

घाटकोपरचा
पटत नाही. यांनी रात्र निवडली, त्यांना मनापासून नमस्कार. बाकीचे निवडतात का? माझे वडील टॅक्सी चालवायचे. रस्ता अडला की गॅस जळायचा आणि धंदा बुडायचा. हातावर पोट असलेल्याला थांबून विचारायची फुरसत नसते. शिवाय बघ्यांनी गर्दी वाढवली आणि लाठी चालली, तर ती माणूस ओळखून चालत नाही. लांबून निघावं, मागण्या पेपरात वाचाव्यात.

दिंडोरीकर
पेपरात? आमच्याकडचे वनजमिनींचे दावे वर्षानुवर्षं पडून होते, तेव्हा पहिल्या पानावर कोण छापत होतं? १८० किलोमीटर चालल्यावर छापलं.

पण भायखळेकर, तुमच्याशीही भांडण आहे. मुंबईनं त्या दिवशी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. आमचे लोक अजून नाव काढतात. सरकारनं लेखी आश्वासन दिलं आणि सगळे गाडीनं परतले. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं. मार्च २०२३ मध्ये पुन्हा, ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदपर्यंत. आधीच्या कागदाचं काय झालं, हे तेव्हा मुंबईत कुणी विचारलं?

घाटकोपरचा
पाच वर्षांत तिसऱ्यांदा चालावं लागत असेल, तर मार्गच चुकतोय असं नाही वाटत?

दिंडोरीकर
दुसरा मार्ग सांगा, दादा. तलाठी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, सगळ्यांचे उंबरठे झिजवून झाले की मगच माणूस उभं काम टाकून चालायला लागतो.

भायखळेकर
मी नाही विचारलं. २०१९ मध्ये नाही, २०२३ मध्येही नाही. हे टोचतंय. मावशी सुरगाणा तालुक्यातल्या होत्या, एवढं आठवतं. अशा दाव्याचं पुढे काय झालं, हे विचारायचं कुठे?

दिंडोरीकर
आधी गावची वनहक्क समिती, मग प्रांतांकडची उपविभागीय समिती. गावाचं नाव आठवलं तर कळवा, मी स्वतः जाऊन येतो.