शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन तपासायला कोणतं किट? (बजेट १० हजार)

घाणेवाला_बार्शी: लाकडी घाणा आहे, सोबत शेंगदाणा चटणी. आडतीवर माल घेतानाच अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) कळेल असं काही हवंय. नॅनो बायोसेन्सरच्या पट्ट्या येतात म्हणे. बजेट १० हजार, वर एक रुपया नाही.

निर्यातदार७७: नुसती पट्टी नको, रेघ मोजून आकडा देणारं यंत्र, रीडर घ्या. आमचा लाखाच्या वर गेला, पण युरोपात खायच्या दाण्याला ४ पीपीबीच्या (अब्जात ४ भाग) आत लागतं. तिथे डोळ्यांनी रेघ बघून कंटेनर भरत नाहीत.

घाणेवाला_बार्शी: दादा, बजेट वाचलंत का?

पेंडवाली_ताई: पट्टीवर विष जास्त तितकी रेघ फिकी, हे ध्यानात ठेवा. आमच्या गड्याने कोविड किटसारखं वाचलं, दोन रेघा दिसल्या म्हणून चांगली पेंड परत धाडली. आणि तेलात कमी उतरतं, बहुतेक पेंडीतच राहतं. ती गाईला घातली की दुधात येतं.

संशयात्मा: नॅनो म्हणजे नुसती जाहिरात.

बीएस्सी_अ‍ॅग्री: नाही हो. रेघेचा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच असतो. कणांवर विषाला चिकटणारी अँटीबॉडी बसवलेली असते. नमुन्यातलं विष तिला आधीच अडकवतं, मग कण रेघेवर थांबत नाहीत.

संशयात्मा: सोनं? मग वापरलेल्या पट्ट्या सराफ घेतो का?

लातूरकर: ३०० रुपयांची यूव्ही टॉर्च घ्या. आडत्यासमोर चमकवली की भाव आपोआप उतरतो. स्वानुभव.

निर्यातदार७७: रीडर घ्या.

बीएस्सी_अ‍ॅग्री: टॉर्चने मक्यात जो हिरवट-पिवळा उजेड दिसतो तो त्याच बुरशीच्या कोजिक आम्लाचा, अफ्लाटॉक्सिनचा नव्हे. शेंगदाण्यात तर त्यावर विसंबूच नका. खरी मेख नमुन्यात आहे. पोत्यात विषारी दाणे मोजकेच, पण जबर. मूठभर तपासून काही कळत नाही. पोत्यापोत्यातून काढून पाचेक किलो करा, सगळं दळा, त्यातलं मिथेनॉल-पाण्यात घुसळून गाळा, मग पट्टी. आडतीवर उभ्याउभ्या जमणार नाही. कटऑफही बघा, म्हणजे किती विषाला पट्टी नापास म्हणते ते; काही पट्ट्या २० पीपीबीच्या असतात. आपल्याकडे मर्यादा प्रक्रियेच्या दाण्याला १५, तयार खायच्याला १०.

पेंडवाली_ताई: रेघ फिकी म्हणजे वाईट, परत सांगते.

घाणेवाला_बार्शी: सगळ्यांचे आभार. टॉर्च मागवली. चटणीचा एक नमुना लॅबला टाकतोय, गिऱ्हाईक रिपोर्ट मागतंय. पट्ट्यांचं दिवाळीनंतर बघू.

बीएस्सी_अ‍ॅग्री: निदान ओलावा ८ टक्क्यांच्या वर असलेला दाणा तरी घेऊ नका.