माण (सातारा): खरिपात पड असलेल्या शालूच्या (रब्बी ज्वारीच्या) रानाची माती वाहते, राय पेरून थांबेल का?

रानातला_प्रश्न:
दहिवडीजवळ तीन एकर रान आहे. मध्यम जमीन, खाली मुरूम, उतार शंभर फुटाला दोन-अडीच फूट. खरिपात पड ठेवून रब्बीला शालू करतो. वळवाच्या आणि सप्टेंबरच्या पावसात ओघळी पडतात, खालच्या कोपऱ्यात ताल (मातीचा बांध) फुटते. अमेरिकेत राय नावाचं पीक नुसतं माती झाकायला पेरतात असं व्हिडिओत पाहिलं. बी कुठं मिळेल, एकरी किती लागेल?

कुळव_पाभर:
राय शोधू नका. दुकानात मागितलीत तर मोहरी हातात पडेल. राय गव्हाच्या जवळची, थंडीतली. आयोवासारख्या भागात मका-सोयाबीन निघालं की जमीन हिवाळाभर उघडी राहते. म्हणून राय सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, ती बर्फाखाली तग धरते आणि वसंतात मक्याआधी मारतात. तुमची जमीन उघडी असते ती मे ते सप्टेंबर. रब्बीत राय पेरलीत तर शालूच्याच ओलीवर डल्ला मारेल.

तुम्हाला झाकण हवंय ते मृगापासून मघापर्यंत, म्हणजे जून ते ऑगस्टअखेर. मटकी किंवा हुलगा घ्या. धान्यासाठी मटकी एकरी 5-6 किलो लागते, झाकणासाठी दुप्पट धरा. तास 9 इंचांवर आणि उताराला आडवे. चवळी गटाचं रायझोबियम (नत्र धरणारं जिवाणू खत) बियाला चोळा, 10-12 किलो बियाला 250 ग्रॅमचं एक पाकीट. मृगात चांगला वाफसा आल्यावरच पेरा. धूळवाफेवर (पावसाआधी कोरड्या मातीत) टाकलेलं बी अर्धवट उगवतं आणि मोकळ्या राहिलेल्या ठिकाणीच ओघळ सुरू होते.

हिरवळीचं_खत:
मटकीपेक्षा ताग का नको? एकरी 20-25 किलो बी, दीड महिन्यात कमरेच्या वर जातो, नत्रही जास्त. 45-50 दिवसांनी, फुलावर येता येता रोटाव्हेटरनं गाडायचा.

कुळव_पाभर:
ताग चालेल, पण गाडू नका. माझं भांडण रोटाव्हेटरशी आहे. आपल्याकडं पाऊस जूनमध्ये एकदा येतो, जुलै-ऑगस्टात ओढ देतो आणि खरा झोडपतो तो सप्टेंबरात. ऑगस्टमध्ये ताग गाडून जमीन पिठासारखी केली की उत्तरा नक्षत्राच्या पहिल्या सरीला वरची माती मोकळीच सापडते. थेंबानं ढेकूळ फुटतं, बारीक गाळ छिद्रांत बसतो, वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, पळतं. काडी वर राहिली तर थेंब काडीवर फुटतो.

म्हणून रोटाव्हेटरऐवजी कुळव. फास (कुळवाचं आडवं पातं) धार लावून दोन इंच खोल चालवायची. मुळं खालून कापली जातात, मटकीचा वेल जागेवरच पडतो. दुपारी, वरची ओल उडाल्यावर करा. ओल्यात वेल कुळवात गुंडाळतो आणि माती ओढत नेतो.

तागाची वेळ ओळखायची तर खोड वाकवून बघा. कट्कन मोडलं तर ठीक. साल दोऱ्यासारखी सोलून आली तर उशीर झाला, ती काडी शालू पेरताना पाभरीच्या फणांत अडकणार. कापताना जमिनीलगत कापा, उंच खुंट ठेवला की पुन्हा फुटतो.

जिरायतवाला:
झाकणही पाणी पितं, हे कुणी लिहिलं नाही. मघा निघायला, म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मारायचं हे वरचं गणित पाऊस बरा झाला तरच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रानात तीन ठिकाणी हातभर खड्डा घ्या. वीतभर खाली माती मुठीत दाबून गोळा होत नसेल तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात मारा. शालू 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर पेरायचा, तोवर दोन-तीन आठवडे मिळाले की मटकीचा पाला बऱ्यापैकी वाळतो. पाभर तरीही चोंदली तर प्रत्येक पाळीच्या शेवटी उचलून झाडा.

आणि ताल फुटते त्यावर कुठलंच पीक औषध नाही. खालच्या कोपऱ्यात दगडी सांडवा हवा. वरचं पाणी निघायला वाट नसेल तर ते स्वतःची वाट करतंच. तालीवर मारवेल गवताची ठोंबं एक फुटावर लावा, मेंढरांनाही चारा होईल.

रानातला_प्रश्न:
मेंढरांचंच विचारणार होतो. पावसाळ्यात ती गावाकडंच असतात, मोकळ्या रानात शिरतात. मटकी ठेवतील का?

जिरायतवाला:
नाही ठेवणार. पहिला महिना दीड महिना राखण करावीच लागेल, किंवा बांधाच्या कडेनं ताग दाट पेरा आणि मधे मटकी. त्यानं कळप थांबेलच असं नाही, पण आत पीक आहे हे लांबून दिसतं. कुळवल्यानंतर मात्र कुणालाही चारू देऊ नका. त्या वेळी पाला गेला तर सप्टेंबरला रान पुन्हा उघडं. शालू निघाल्यावर मेंढरं हौसेनं बसवा, तेव्हा लेंड्या रानाला हव्यातच.

रानातला_प्रश्न:
तीन एकरांत दोन मटकी, एक ताग करतो. पाभरीचे तास दोरी लावून आडवे धरू की नजरेनं चालेल?

कुळव_पाभर:
नजरेनं नको. पारदर्शक नळीत पाणी भरून दर 20 फुटांवर समपातळी घ्या आणि खुंट्या मारा. तास थोडा जरी उताराकडं झुकला तरी सगळं पाणी एकाच टोकाला गोळा होऊन तिथंच फुटतं.